मरगेणसूची पपई

कन्नडमधले मला येणारे शब्द जेमतेम चार. त्यातला ‘गोत्तू’ मी सढळ हाताने वापरतो. अर्थ, ठाऊक आहे. (मैसूरला येऊन बारा वर्षं झाली; ठाऊक काहीच नाही.)

मैसूरजवळ येलवालला आमच्या शेजारी राहणाऱ्या, माहेरच्या मराठी अंबुजाक्का घर विकून हैदराबादला मुलाकडे, चौदाव्या मजल्यावर राहायला निघाल्या. जाताना त्यांनी मला टोपलीभर कंद आणि काठ्यांची एक मोळी दिली. मरगेणसू, म्हणजे आपला उपासाचा साबुदाणा ज्यापासून होतो ते झाड. त्यांच्या यजमानांनी, सत्यनारायणरावांनी, परसात लावलेलं. ते गेल्यावरही अक्का दरवर्षी त्याच झाडाचं पुन्हा लावत आल्या होत्या.

"ह्यांचं एवढंच राहिलंय, नोडप्पा, बघ बाबा. जप," त्या म्हणाल्या. कसं लावायचं तेही सांगायला लागल्या, पण दारात टॅक्सी उभी होती आणि मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मी म्हणालो, "गोत्तू, अक्का, गोत्तू."

बटाटा काय, आलं काय, हळद काय, कंद पुरला की येतं. मीही पुरले. विभावरी, म्हणजे आमची ही, दोन तरी उकडून खाऊ म्हणत होती. बियाणं कुणी खातं का, असं मी तिला सुनावलं. काठ्या वाया नकोत म्हणून आंघोळीच्या बंबात घातल्या. ओल्या होत्या, धूर फार झाला.

दोन आठवड्यांनी परसात वास सुटला. कंद कुजले होते. (रोज दोन बादल्या पाणी घालत होतो, मायेने.) दूधवाल्याला विचारलं तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, मरगेणसूची काठी लावतात, कंद खातात. म्हणजे लावायचं ते मी जाळलं होतं आणि खायचं ते पुरलं होतं. धावत अक्कांच्या परसात गेलो. नव्या मालकाने तिथे फरशी घातली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रविवारी अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. झाड दाखव म्हणाल्या. खरं सांगायला तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. कुंपणाशी पपईचं रोप आपोआप उगवलं होतं. पानं तशीच, हाताच्या बोटांसारखी. मी फोन तिकडे वळवला. अक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि ‘छान आहे’ म्हणाल्या.

असे सात महिने गेले. दर रविवारी पपई. शेवटी एका रविवारी मी सगळं कबूल केलं.

"पहिल्याच दिवशी कळलं रे," अक्का म्हणाल्या. "वीस वर्षं लावलंय मी. मला पपई कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू लाजून फोनच घेतला नसतास. इथे मराठी बोलायला कोण आहे मला? दाखव, किती वाढली पपई."

त्यांच्या यजमानांचं झाड मी पाणी तापवायला जाळलं, आणि त्या माझी लाज सांभाळत होत्या. मी गुपचूप फोन पपईकडे वळवला.

परवा तिला फुलं आली. लांब देठांना लोंबणारी, झुपकेच्या झुपके. मोठ्या अभिमानाने मी विभावरीला बोलावलं.

"नर आहे," ती म्हणाली. "नुसता वाढणार. उपयोग शून्य."

झाड माझ्या मागे होतं. ती माझ्याकडे बघत होती.