इवायाची काठी आणि उमाजीचा घोटा

"यंदा इवायाच्या हाती अशी काठी देतो का तो तोंडात बोट घालन," असं उमाजीनं मार्कंड्याच्या जत्रेआधीच गावभर सांगून टाकलं होतं. इवाई म्हणजे त्याच्या लेकीचा, साधनाचा सासरा, डोमाजी, नदीपलीकडच्या गावचा. मागच्या साली उमाजीनं त्याला बांबूची गळाची काठी बांधून दिली, तर पहिल्याच मरळीनं हिसका दिला नि गळाची दोरी ओवायची कडी ज्या दोऱ्यानं काठीला बांधली होती, तो दोराच सुटला. मासा गेला तो गेला, पण डोमाजी ती गोष्ट दर लग्नाच्या पंगतीत सांगत सुटला. दर पंगतीला मरळ मोठी होत गेली. उमाजीचं डोकं तेव्हापासून जे तापलं ते उतरलंच नव्हतं.

म्हणून यंदा ही नवी काठी. कडीवर दोऱ्याचे फेरे एकाला एक चिकटून बसले पाहिजेत. मधे फट राहिली की दोरा ढिला पडतो. ते फेरे बसवायला वरून काहीतरी गुळगुळीत घेऊन घोटावं लागतं, आणि घरात गुळगुळीत असं काही सापडेना.

आधी त्यानं स्टीलची पळी घेतली. पाठ छान चकचकीत, पण तिच्यावर नाव कोरलेलं होतं आणि अक्षरांच्या कडांत दोरा अडकायला लागला. उमाजीनं नाव वाचलं. 'डोमाजीकडून सप्रेम भेट.'

"पाह्य," तो बायकोवर, चंदाबाईवर ओरडला, "इथी बी आडवा येऊन राह्यला हा माणूस!"

मग त्यानं चंदाबाईची काचेची बांगडी मागितली. चार फेरे घोटून झाले नि कट्कन दोन तुकडे.

"फुटली," उमाजी म्हणाला.

"फुटली काऊन म्हणता जी? वाढली म्हणा," चंदाबाई कडाडली. "सणासुदीले माया हातातली बांगडी घेता नि वरून असं बोलता? सवाष्ण बाई हाय मी, याद ठेवजा."

शेवटी उमाजी रागारागानं वैनगंगेच्या पात्रात गेला आणि उन्हात गोटे चाळत बसला. आणि सापडला एकदाचा! काळा, अंड्यासारखा, लोण्यासारखा हाताला लागणारा. घरी आणून ठेवला तर तो घरंगळायला लागला, म्हणून त्यानं वाटीत मूठभर तांदूळ घेतले, वर गोटा नीट उभा बसवला आणि वार्निश आणायला दुकानात गेला.

परत आला तर दारात शेजारणींच्या चपला. गोटा देवघरात. अंगावर हळद, कुंकू, डोक्यावर बेल.

"सारी जिंदगी उदबत्ती नाई लावली तुम्ही," चंदाबाई डोळे पुसत म्हणाली, "नि आज नदीतून महादेव आणून तांदळावर बसवला. मले सांगतलं बी नाई."

"महादेव कायचा? दोरा घोटायचा घोटा हाय तो माया! इकडं दे."

"देवाले घोटा म्हणून राह्यले? तोंड धुवा आधी."

शेजारणींनीही त्याच्याकडं असं पाहिलं की उमाजीनं पुढं केलेला हात मागं घेतला. तिकडं जत्रेला येणाऱ्या डोमाजीची बस यायची वेळ झालेली. शेजारणी उठल्या, चंदाबाई त्यांना वाटेला लावायला बाहेर गेली, तसा उमाजीनं देव उचलला, पंच्यानं खसाखसा पुसला आणि काठीला भिडला. राग सगळा हातात उतरला होता. काय दोरा बसला म्हणता! नख फिरवलं तरी फेरा लागेना. फक्त पुसता पुसता राहिलेलं हळदकुंकू दोऱ्यात शिरलं नि पांढरा दोरा लालपिवळा झाला.

तेवढ्यात डोमाजी आत आला. मागं चंदाबाई. तिनं नवऱ्याच्या मांडीवर महादेव पाहिला नि तिचा चेहरा उतरला.

डोमाजीनं काठी घेतली, दोऱ्यावरून बोट फिरवलं. एकदा, परत एकदा. "वा रे इवाई," तो हळूच म्हणाला. उमाजीची छाती भरून आली. वर्षभराचा राग निवायला लागला.

"पण हे कुंकू कायचं जी?"

देवाची विटंबना झाली हे इवायासमोर कसं कबूल करणार? चंदाबाई घाईघाईनं बोलून गेली, "महादेवाले लावून आणली हाय काठी. खास तुमच्यासाठी."

डोमाजीनं पायातल्या चपला काढल्या आणि काठी कपाळाला लावली. "मंग हे पाण्यात कशी टाकू? मास्याचं रगत लागन याले. नाई बापा. देवघरात टांगतो."

"अवो, एक डाव टाकून त पाहा नदीत!" उमाजी काकुळतीला आला. "दोरा सुटते का नाई, तेवढं त पाहा!"

"पाप लावता काय?" डोमाजीनं दोन्ही कान धरले. मग काठी जपून कोपऱ्यात उभी केली, खाटेवर बसला, चहाचा घोट घेतला नि म्हणाला, "हे देवाची झाली. मास्यासाठी दुसरी एक बांधून देजा. पण इवाई, राग नका मानू, तिचा दोरा जरा पक्का बांधजा."

उमाजीनं काठीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, मांडीवरच्या गोट्याकडं पाहिलं. रागवावं तरी कोणावर हे त्याला कळेना, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.