बिळापूरची त्रिशताब्दी

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे, त्या आठवड्यात माझे डोळे आले होते; पण कान शाबूत होते.

तर एका जंगलात बिळापूर नावाचं शहर होतं. त्याला तीनशे वर्षं झाली. सिंहमहाराज म्हणाले, "वर्धापनदिन दणक्यात झाला पाहिजे!" इतिहास शोधायला समिती नेमली. समितीने सहा महिने भजी खाल्ली आणि शोधून काढलं, की हे शहर एका साळिंदरबाईने वसवलं. जांभळीखाली तिने पहिलं बीळ खोदलं, म्हणून बिळापूर.

त्याच बिळात तिची खापरपणती साळूबाई राहत होती, दोन पिल्लांना घेऊन. बातमी ऐकून ती हरखली. पिल्लांची तोंडं धुतली, अंगण झाडलं आणि सत्काराची वाट बघत बसली.

आले ते अतिक्रमण खात्याचे कोल्हेसाहेब. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"बाई, इथे कधीपासून राहता?"

"शहर नव्हतं तेव्हापासून, साहेब. पिढ्यान्‌पिढ्या."

"परवानगी?"

"अहो, शहरच नव्हतं, तर परवानगी देणार कोण?"

"म्हणजे नाहीच ना! तीनशे वर्षांचं अतिक्रमण. शहरातलं सगळ्यात जुनं! अभिनंदन."

"आणि तुमचं ऑफिस हो?"

"त्याला परवानगी आहे. आम्हीच दिली, आम्हालाच."

"मग मी या लेकरांना घेऊन जाऊ कुठे?"

"ते चारशेव्या वर्षी बघू. आत्ता घाई आहे, इथे पुतळा बसायचाय."

"कुणाचा?"

"तुमच्या खापरपणजीचा."

दुपारपर्यंत बीळ बुजवलं. वर चौथरा, चौथऱ्यावर पुतळा. हार घालताना महाराजांना टोचू नयेत म्हणून काटे तेवढे वगळले होते.

महाराज गहिवरून म्हणाले, "या माउलीने आपल्या सगळ्यांना घर दिलं!" टाळ्याच टाळ्या.

साळूबाई पिल्लांना घेऊन जरा पुढे सरकली, तर बंदोबस्तावरचा रेडा खेकसला, "ए बाई, मागे हो! पाहुण्यांना काटे लागतील."

"आई, ही वर कोण उभी आहे गं?" पिल्लाने विचारलं.

साळूबाईने पुतळा नीट न्याहाळला. म्हणाली, "कोण जाणे, बाळा. आपल्यात अशी कुणी नव्हती."

तात्पर्य : शहर खुशाल वसवावं, त्यात राहायचा हट्ट धरू नये.

आता कबूल करतो, यात एक गोष्ट मी पदरची घातली. कोल्हेसाहेबांनी नमस्कार केला नव्हता.