कानड्याचं डावं दार

आमचे शेजारी ज्ञानूआबा उभा ट्रक दिसला की त्याच्या दारावर थाप मारून कान लावत, कलिंगडाला लावावा तसा. कोरेगावच्या बाजारात यावरून त्यांची ड्रायव्हरांशी हमरीतुमरी व्हायची. आबांचा शेरा ठरलेला, "ह्यो पत्रा न्हवं, पापड हाय."

आबा लष्करातले जुने ड्रायव्हर. महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशात कॅनडाहून आलेला, चपट्या नाकाचा ट्रक चालवला होता. पुढे तसलाच एक भंगारात मिळाला, तो परसात आणून लावला आणि पेन्शनीतली वर्षं त्याच्याखाली उताणं पडून काढली. इंजिन सुरू झालं, रंग लागला. फक्त डावं दार नव्हतं. लोहार म्हणाला, नवं करून देतो. आबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

ट्रकला ते 'कानडा' म्हणत. मी शाळामास्तर, मला राहवेना.

"आबा, कॅनडा म्हणा."

"त्येच की. कानडा."

बहात्तरच्या दुष्काळात कळलं, जतकडे असाच एक ट्रक पाण्याचा टँकर होऊन फिरतोय. आबा मला घेऊन एसटीनं निघाले. जतला उतरताच त्यांनी पानवाल्याला विचारलं, "कानडा कुठं हाय?"

"कंचा? हितं समदीच कानडी."

मी पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत.

टँकर सापडला. आबांनी डाव्या दारावर थाप मारली, कान लावला आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मालकाला बदल्यात नवंकोरं दार हवं होतं. त्यासाठी आबांना त्याच लोहाराची मनधरणी करावी लागली.

दार बसलं त्या दिवशी सगळी आळी जमली. मी ऐटीत डावीकडून चढू लागलो, तर स्टिअरिंगवर बसलेल्या आबांनी आतून हात आडवा घातला.

"मास्तर, ती बसाप्पाची जागा."

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"माझा जोडीदार. जतकडचा गडी. त्याला मराठी न्हाई, मला कानडी न्हाई. त्यानं दारावर एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. लय चिखलातनं काढलं त्यानं मला. एकदा एक थाप मारून फुडची वाट बघाया उतरला." आबांनी स्टिअरिंग धरलं. "दोन थापा काय आल्या न्हाईत."

त्यांनी इंजिन सुरू केलं आणि समोर बघत बसून राहिले. ट्रक जागीच धडधडत राहिला. लोक म्हणाले, काहीतरी बिघडलं. मी दार लावलं आणि बाहेरून दोन थापा मारल्या.

आबांनी गिअर टाकला.