फाडफाडचं खाऊ-इंग्रजी

“हेडक्लार्कची खुर्ची आपलीच समज!” आरशासमोर टाय आवळत फाडफाड बायकोला म्हणाला.

खोक्यांच्या कारखान्यातल्या या कारकुनाला हे नाव पडलं ते त्याच्या फाडफाड इंग्रजीमुळे. इंग्रजी कसलं, कपाळ! खाण्यापिण्याचे चार वाक्प्रचार घोकलेले, तेच येताजाता लोकांच्या अंगावर भिरकावायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार! बायकोने मात्र भोळेपणाने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, की आमचे हे आता मोठे होणार.

कारखान्यात शिपाई प्रत्येकाला गाठून बजावत होता, “डॉक्टरने साहेबांचं गोड, पाव, लोणी, मीठ, सगळं बंद केलंय. पंधरा दिवस उकडलेल्या दुधीवर आहेत. जपून बोला!” सगळ्यांनी ऐकलं. फाडफाड तेवढा जिन्यात मुलाखतीचं पाठांतर करत होता.

साहेब खुर्चीत मलूल होऊन बसले होते.

“हेडक्लार्कचं काम झेपेल?”

“पीस ऑफ केक, सर!”

साहेबांनी आवंढा गिळला.

“माल वेळेवर रवाना करता येईल?”

“ते तर माझं ब्रेड अँड बटर!”

साहेबांचा हात पोटावर गेला. छाप पडतेय, असं या शहाण्याला वाटलं!

“आणि कामगारांच्या तक्रारी?”

“त्या मी पिंच ऑफ सॉल्टबरोबर घेतो, सर! आणि तुमच्या हाताखाली काम करायला मिळालं, तर आयसिंग ऑन द केक!”

“अर्थ कळतो हो मला!” साहेब कडाडले. “पण इथे जीव चाललाय माझा! जा बघू बाहेर!”

पुढचा उमेदवार म्हणजे ज्याला सगळे ‘मुका’ म्हणत तो कारकून. तो आत गेला, साहेबांचा चेहरा पाहिला आणि आपला डबा उघडून पुढे सरकवला.

“काकडी आहे. बिनमिठाची. चालेल?”

साहेबांनी डबा चाटूनपुसून साफ केला. खुर्ची मुक्याला मिळाली.

संध्याकाळी साहेबांनी फाडफाडला बोलावलं. आवाज आता मऊ होता. “सकाळी जरा ओरडलो. तुम्हालाही मुख्य करतोय. खाण्यापिण्याची इतकी आस्था असलेला माणूस दुसरा नाही आपल्याकडे. उद्यापासून कँटीन तुमच्याकडे!”

घरी बायको शेजारणीला घेऊन दारातच उभी होती.

“झालात ना हो मुख्य?”

“झालो,” फाडफाड म्हणाला, आणि कशाचा ते कोणी विचारायच्या आत न्हाणीघरात शिरून त्याने आतून कडी लावली.