थोरल्यांवर उकळतं पाणी

“मॅडम, जंतू जन्मतःच वाईट असतात, की संगतीने बिघडतात?”

भिंगरीने हे विचारलं आणि मागचा बाक डोकी खाली घालून खिदळायला लागला. पैज त्यांनीच लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी भिंगरी यंदा मात्र कुणाच्या बापाला भीत नव्हती.

मॅडम चिडल्या नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाल्या, “बरेचसे संगतीने. अन्नात चारदोन जंतू गेले तर बहुतेक वेळा पोटाला पत्ताही लागत नाही. पण ऊब, ओल, खायला भरपूर, आणि वर कित्येक दिवस कुणी ढुंकून बघत नाही, असं घर मिळालं की संपलं. काही जंतू तर आपण किती जमलो याचा एकमेकांना निरोप देतात. पुरेसे जमेपर्यंत अगदी साळसूद. जमले की मिळून विष सोडतात. आणि कुणाकुणाला तर विष करायची विद्या शेजारच्या जंतूकडून आयतीच मिळते.”

भिंगरी हरखून गेली. ऊब, ओल, भरपूर खाणं. ढुंकून न बघण्याचा भाग तिच्या कानावरून गेला, कारण एव्हाना तिला एक बरणी दिसायला लागली होती.

भिंगरीच्या वडिलांची बेकरी होती. वर घर, खाली भट्टी. भट्टीशेजारच्या उबदार कपाटात आजोबांच्या हातचं आंबवलेलं पीठ बरणीत असे. रोज त्यातलं थोडं पावाच्या कणकेत घालायचं, उरलेल्याला ताजं पीठ-पाणी द्यायचं. पाव फुगायचा तो त्याच्याच जोरावर. घरात त्या बरणीला ‘थोरले’ म्हणत. “थोरल्यांचं जेवण झालं का?” असं विचारल्याशिवाय बाबा स्वतः ताटावर बसत नसत. आजोबांनंतर बाबा आणि धाकटे काका वेगळे झाले, तेव्हा भांडण जागेवरून नाही, बरणीवरून झालं होतं. शेवटी निम्मं पीठ घेऊन काकांनी रस्त्यापलीकडे दुकान थाटलं. तेव्हापासून दोघे भाऊ समोरासमोर शटर उघडत आणि एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेत.

दुपारी बाबा वर झोपले होते, आई दुकानात. भिंगरीने दप्तर भट्टीपाशी फेकलं आणि बरणीचं झाकण काढलं. आत बुडबुडेच बुडबुडे. आंबट वास.

“जमलेत सगळे,” ती पुटपुटली. आता कुठल्याही क्षणी विष सुटणार आणि उद्या अख्खी गल्ली पोट धरून बसणार. तिने किटलीभर उकळतं पाणी ओतलं. मग खात्रीसाठी आणखी एक किटली. बुडबुडे थांबले.

“बाबा, या खाली. गल्ली वाचवली मी.”

बाबा आले. बरणीत बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं; ते नुसते पायरीवर बसले.

“माझ्या वडिलांना शिजवलंस, पोरी.”

“पण त्यात जंतू होते.”

“होतेच की. नाहीतर पाव काय माझ्या फुंकरीने फुगतो?”

आईही आत आली होती. “अगं, ते इतकं आंबट करून ठेवतात की वाईट जंतूंना तिथे पाय रोवता येत नाही. विचारायचं तरी.”

“उद्याचा पाव?” भिंगरीने हळूच विचारलं.

“कशाचा करू? नवीन पीठ आंबवता येईल, थोरले कुठून आणू?”

गेल्या वर्षीची भिंगरी कोपऱ्यात जाऊन बसली असती. पण ही यंदाची भिंगरी होती. तिने चपला घातल्या आणि सरळ रस्ता ओलांडला.

“काका, थोरले गेले. मी उकळतं पाणी घातलं.”

काकांनी हातातला ट्रे सावकाश खाली ठेवला. तोंड फिरवलं. मग खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की ते हसताहेत. आतून वाडगाभर पीठ घेऊन आले. “ने.”

“बाबा तुमचं घेणार नाहीत.”

“आमचं कुठलं? आमचे थोरले मागच्या थंडीतच गेले. मीच भट्टीवर विसरलो. तुझ्या आईने मागच्या दाराने आणून दिलं हे. सांगू नकोस.”

भिंगरीने घरात पाऊल टाकताच सांगितलं. बाबांनी आईकडे बघितलं. आई स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागली.

“भावजींचा चेहरा बघवेना,” ती म्हणाली.

“म्हणजे पीठ माझं? मग त्याचा पाव माझ्यापेक्षा मऊ कसा?”

“ते पाणी कोमट घालतात. तुम्ही ऐकता कधी माझं?”

बाबांनी वाडग्याचा वास घेतला. डोळे मिटले. “बोलव त्या गाढवाला. म्हणावं, चहा टाकलाय.”

थोड्या वेळाने दोघे भाऊ एकाच बरणीवर वाकून कोमट म्हणजे किती कोमट यावर कडाकडा भांडत होते. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात आईने भट्टीपाशी पडलेलं दप्तर उचललं आणि नाकाला पदर लावला.

“ह्यात काय मेलंय?”

डबा निघाला. पंधरा दिवसांपूर्वीच्या शाळेच्या सहलीचा, उकडलेल्या अंड्यांचा. झाकण टम्म फुगलेलं. ऊब, ओल, भरपूर खाणं. आणि कानावरून गेलेलं ते ढुंकून न बघण्याचं वाक्य आत्ता कुठे भिंगरीच्या कानात शिरलं.

“किटली ठेवू?” बाबांनी विचारलं.

“उपयोग नाही. विष सुटलं असेल तर ते उकळून जाईलच असं नाही.” भिंगरीने डबा हातभर लांब धरला. “आई, बाबा, माझं ठरलंय. उद्यापासून शाळेच्या आधी थोरल्यांना मी जेवू घालणार. दोन्ही घरांत. आणि हा डबा आपण न उघडता पुरणार आहोत.”