सर्व्हर पडण्याची वेळ

मंगळवारी दुपारी तीन वाजता, हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आपल्या साडीच्या दुकानात मुकुंदरावांनी लेकाच्या वेबसाइटचं कौतुक करायला तोंड उघडलं आणि त्याच मिनिटाला सर्व्हर पडला. समोर गदगची मंडळी लग्नाच्या बस्त्याची चौकशी करायला आली होती. "आता घरबसल्या इरकल दिसतंय बघा," म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला, तर पडद्यावर एक चकती तेवढी गरगर फिरत राहिली. मंडळी सभ्य होती. त्यांनी चकतीकडेही कौतुकानं बघितलं.

मंडळी गेल्यावर मुकुंदराव लेकाकडे वळले. "एन आत रे? काय झालं?"

"तेच कळेना झालंय, अप्पा. एरर काहीच दाखवत नाही," स्वप्नील म्हणाला.

"एरर नाही म्हणजे चांगलंच की."

"चांगलं कुठलं? दुखणं न सांगताच पेशंट गेल्यासारखं आहे."

"पुढच्या मंगळवारी याच वेळेला मी परत बघणार. चाललं तर हुबळीत राहा, दुकानात बस. नाही चाललं तर गुमान बेंगळुरूची नोकरी धर."

नोकरी सोडून, दुकानाची वेबसाइट स्वतः बनवून स्वप्नील आला होता तो इथंच राहायचं म्हणून. बेंगळुरूच्या ट्रॅफिकला तो विटला होता, आणि खरं सांगायचं तर आईच्या हातच्या भाकरीवाचून त्याचं अडत होतं.

सर्व्हर म्हणजे केशवापूरच्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत ठेवलेला एक कॉम्प्युटर. बुधवारी तो बाराला पडला, गुरुवारी दीडला. स्वप्नील ऑटो करून घरी धावे, तर यंत्र गपगार. चालू केलं की चाले, पाठ वळली की पुन्हा बंद. यंत्रातल्या नोंदी वाचाव्यात, तर त्या मध्येच थांबलेल्या. तक्रारीचा एक शब्द नाही.

"आई, लाइट गेली होती?"

"नाही बा. मिक्सर चालू होता की."

"कुणी हात लावला याला?"

"मी कशाला हात लावू? शॉक बसला म्हणजे?" वत्सलाबाई म्हणाल्या आणि लाटणं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानं मेमरी बदलली, पंखा बदलला. रायापूरच्या रवीनं, त्याच्या मित्रानं, फोनवर सल्ला दिला, "सगळं पुसून पहिल्यापासून बसव." तेही केलं. शुक्रवारी सर्व्हर साडेदहाला पडला, शनिवारी नऊला. आता देवाला कौल लावायचा तेवढा राहिला होता.

रविवारी तो यंत्रासमोर पहाराच देत बसला. साडेचारला आईनं दही आणायला कोपऱ्यावर पिटाळलं. येतो तर सर्व्हर पडलेला! पडण्याच्या वेळा तरी मांडून बघू, म्हणून तो लाल पेन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. रविवारच्या चौकोनात 'साडेचार' लिहायला जागा शोधतो, तर तिथे बारीक अक्षरांत आधीच छापलेलं होतं: राहुकाळ, ४.३० ते ६. शनिवारी ९. शुक्रवारी १०.३०. मंगळवारी ३.

"आई!"

वत्सलाबाई लाटण्यासकट हजर झाल्या.

"तू बंद करालीस होय हे?"

"मग? लग्नाच्या साड्यांची ऑर्डर राहुकाळात घेतात होय रे? तुझं नवं काम, त्याला अपशकुन नको. आणि हात नाही लावला हं मी. लाटण्यानं खटका दाबला."

"अगं, या राहुकाळापायी मला बेंगळुरूला जावं लागंल!"

वत्सलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लेकाचं इथं बस्तान बसावं म्हणून तर त्या आठवडाभर लाटणं घेऊन धावत होत्या. त्या रडल्या, पण मुद्दा सोडला नाही. शेवटी स्वप्नीलनंच तहाची बोलणी काढली.

"राहुकाळात साड्या नुसत्या बघितल्या तर चालतंय?"

"बघायला काय जातंय? घ्यायचं तेवढं नंतर."

सोमवारी त्यानं वेबसाइटमध्ये तेवढा बदल केला.

मंगळवारी तीनला मुकुंदरावांनी चष्मा लावून मोबाईल उघडला. साड्या झळकत होत्या. वर पाटी होती: 'राहुकाळ सुरू आहे. साड्या निवांत बघा. ऑर्डर साडेचारनंतर.' मुकुंदरावांना राहुकाळ कधी लक्षात राहत नसे. ते खातं वत्सलाबाईंकडे. ते काही बोलणार इतक्यात गदगहून फोन आला. पाटी तिकडेही वाचली गेली होती. एवढं बघणाऱ्या दुकानातूनच सगळा बस्ता घ्यायचा, असं घरातल्या थोरल्यांनी ठरवलं होतं. साडेचारला ऑर्डर देणार होते.

मुकुंदरावांनी फोन ठेवला, घसा खाकरला. "स्वप्नील, ठरलं तर मग. तू आता..."

"थांबा, अप्पा!" स्वप्नील ओरडलाच. "तीन वाजून दहा मिनिटं झाल्यात. काय सांगायचं ते साडेचारला सांगा!"

मुकुंदरावांनी लेकाकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"बरं," ते गादीवर टेकत म्हणाले, "मग तोवर चहा सांग. आणि आईला फोन कर, म्हणावं साडेचारला पेढे घेऊन दुकानात ये."