दमयंतीचं माप

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४, बोईसर. पहाटे धुकं, नऊनंतर कडक ऊन. वारा पश्चिमेचा, बेताचा.

सकाळी चहा गाळता गाळता दमयंती म्हणाली, "कीर्तीच्या लग्नाला मी नाय येत. तुमी जाऊन या."

कीर्ती म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. लग्न पुढच्या रविवारी, माहीमला. मी कारण विचारलं, तर तिने गाऊनचा खांदा जरा बाजूला करून दाखवला. ब्रेसियरच्या पट्टीने लाल चर पडला होता. गेल्या लग्नात ती भर पंगतीतून उठून आली, ती याचमुळे. (मी त्या दिवशी डायरीत 'पित्त' असं लिहिलं होतं.)

"मग मोठी घे ना!"

"कोणाकडून? दुकानात दर्पण बसतो. माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याला काय माप सांगत बसू? 'नेहमीची दे' म्हणते नि पिशवी उचलते."

नेहमीची म्हणजे चौतीस. गेली एकोणीस वर्षं.

मी तारापूरच्या एका कारखान्यात मोजमापाची साधनं तपासतो. ज्यावर माझ्या सहीचा 'तपासले' हा स्टिकर नाही, ते साधन कोणी हातात घ्यायचं नाही, असा तिथे माझा दरारा आहे. (दरारा हा शब्द माझा.) अशा माणसाच्या बायकोने अंदाजाने कपडे घालावेत? मी कप खाली ठेवला.

"माप मी काढतो. आज, घरीच. तू लग्नाला येणार आणि शेवटपर्यंत बसणार."

मोबाईलवर कृती वाचली. पूर्ण श्वास सोडून छातीखाली एक माप, छातीवर दुसरं. पहिल्यावरून नंबर, दोन्हींच्या फरकावरून कप: दोन इंच म्हणजे बी, तीन म्हणजे सी. मी वहीत रकाने आखले. शिवणाच्या पेटीतून टेपचा डबा काढला. डब्यावर माझाच स्टिकर होता. ऊर भरून आला.

"अहो, ही टेप ना..."

"बोलू नको. बोललीस की छाती फुगते. श्वास सोड. अजून सोड. पूर्ण सोड!"

इतक्यात खिडकीबाहेरून शेजारच्या रंभाबाईंचा आवाज आला. "काय मोजताय वो भावजी?"

"खिडकी!" मी ओरडलो. "पडद्यासाठी!"

"मग खिडकीला श्वास कशापायी सोडाय सांगताय?"

दमयंतीला हसू आवरेना, आणि माझी तीन रीडिंगं बाद झाली. पण मी मागे हटलो नाही. दहा वेळा मोजलं, सरासरी काढली. खाली चौतीस, वर साडेछत्तीस. फरक अडीच. अर्धा इंच मी टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या चुकीत, सोडून दिला. निकाल: चौतीस बी.

"म्हणजे नेहमीचीच," दमयंती म्हणाली.

"म्हणजे तुझं माप बरोबरच होतं! दोष कापडात असणार." मी चांगल्या कंपनीच्या दोन चौतीस मागवल्या.

गुरुवार, ८ फेब्रुवारी, बोईसर. आज पार्सल आलं. ती घालून दमयंतीने दोन तास घरकाम केलं आणि माझ्यापुढे बामची बाटली आणून ठेवली. "घ्या. लावा. नि लग्नाला एकटेच जा."

मी हरलो नाही. "पुन्हा मोजू. वीस रीडिंगं घेऊ."

"तुमी बसा." तिने कपाटातून परकराची नवी नाडी काढली, आतल्या खोलीत गेली, दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आली ती नाडीला दोन गाठी मारून. माझी फूटभर लांबीची स्टीलची पट्टी घेतली आणि नाडी जमिनीवर सरळ करून मोजली. पहिली गाठ: तीन फूट दोन इंच. दुसरी: तीन फूट पाच.

अडतीस आणि एक्केचाळीस!

मी टेप पट्टीशेजारी सरळ ठेवली. टेपचे चौतीस इंच पट्टीवर अडतीस भरत होते.

"ती माहेरच्या वाडीतली हाय," दमयंती म्हणाली. "दोन पावसाळे आमच्या तात्यांनी याच टेपने पडवळाचा मांडव बांधला होता. पडवळं लोंबून लोंबून ती ताणली."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"सांगत होते. तुमी म्हणालात, बोलू नको."

मी डब्यावरचा स्टिकर चष्मा लावून वाचला. 'तपासले. नरहरी. १२ मार्च २००९. मुदत एक वर्ष.'

चौतीस परत करून अडतीस सी मागवली. परतीच्या फॉर्मवर कारण लिहायला जागा होती. दमयंतीने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि टाईप केलं: 'माल चांगला हाय. मोजणारा बदलला.'

रविवार, ११ फेब्रुवारी, माहीम. आकाश निरभ्र, वारा नाही.

माप: अडतीस सी. दमयंती लग्नात हजर: सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा. बाम: लागला नाही. मांडवामागच्या खोलीत दमयंतीकडून नाडीने माप घेतलेल्या बायका: सात, आमच्याबरोबर आलेल्या रंभाबाई धरून. मी दाराबाहेर पहाऱ्याला: एक तास दहा मिनिटं.